आस्तीचं लेबल

ममताने मशीन थांबवलं आणि रोलरवरचा नमुन्याचा ओला कागद उचलून उजेडात धरला. सोनेरी अक्षरं स्वच्छ उठली होती : आस्ती. खाली बारीक अक्षरांत, गोड सुगंधी फसफसती वाइन.

"भाऊ असता तं खूश झाला असता," मारोतराव म्हणाले. ते तिच्या वडिलांचे, भाऊंचे, जुने मित्र. भिलाईच्या हथखोज औद्योगिक वसाहतीत, प्रेसजवळच त्यांचा वाइनचा छोटा कारखाना होता. वडिलांच्या तेरवीनंतर प्रेसला आलेलं हे पहिलंच मोठं काम. ते गेलं तर प्रेस चालू ठेवणं अवघड होतं.

"काका, आस्ती हा इटलीतला मुलूख आहे. तिथल्याच द्राक्षांच्या वाइनले ते नाव लावता येते. तुमची द्राक्षं तं नाशिकची."

"मंग? इटलीवाला भिलाईत येऊन बाटल्या पाहून राहिला का?"

"मस्कॅट टाका. ते द्राक्षाचं नाव आहे, कोणाच्या गावाचं नाही."

"मस्कॅट! लोकायले वाटन अत्तर आहे."

ममता हसली नाही. मारोतरावांनी खुर्ची पुढे ओढली.

"पोरी, तुया बापानं दुसरीकडच्या संत्र्याच्या पेट्यायवर 'असली नागपुरी' छापलं. दर हंगामात. मले कावून शिकवून राहिली?"

कागदाच्या कडेवर तिच्या अंगठ्याचा सोनेरी ठसा उमटला. त्याच पेट्यांतली संत्री तिने शाळेत मैत्रिणींना वाटली होती. आमच्या गावाकडची, नागपूरची, असं सांगून.

मारोतराव तिच्याकडे बघत होते. ती 'खोटं बोलता' म्हणाली असती, तर त्यांना सोपं गेलं असतं.

"खरं आहे," ती म्हणाली. "बाबांनी हेही छापलं असतं."

"मंग?"

"मी नाही छापत."

"तेरा दिवसांत बापापेक्षा मोठी झाली वं!"

ते दारात थोडे रेंगाळले. तिने हाक मारली नाही.

ते गेल्यावर तिने प्लेट उतरवली, रोलर पुसले, साबणाने हात धुतले. नखांतलं सोनेरी काही निघालं नाही. तशाच हातांनी तिने संत्र्यांच्या व्यापाऱ्याला फोन लावला.

"नरेशभाऊ, औंदाच्या पेट्या छापायच्या आधी एक सांगा. संत्री कुठली आहेत?"

पलीकडे नरेश हसला.

"भाऊले माहीत होतं जी."

"आता मले सांगा."