डोळ्याची तार

वेरावळच्या धक्क्यावर त्या मोसमात वालजी तांडेलाच्या रेग्युलेटरवरून बोलला नाही असा खारवा मच्छीमार सापडला नसता. बाकीच्या बोटींवर ट्रकचा रेग्युलेटर असायचा. इंजिन चालू झालं की अल्टरनेटर फिरायचा, आणि तो रेग्युलेटर बॅटरीची भूक न बघता एकाच मापाने वीज कोंबत राहायचा. बॅटऱ्या तापायच्या, त्यांचं पाणी आटायचं, मोसम संपायच्या आत त्या भंगारात जायच्या. तरी पुढच्या वर्षी पुन्हा तोच आणायचा, कारण बापाने तोच आणला होता. वालजीला हे कधीच पटलं नाही. बोटींच्या मालकाच्या, शेठच्या मानगुटीवर बसून त्याने दोन महागडे रेग्युलेटर आणवले, एक स्वतःच्या बोटीला आणि एक धाकट्या भावाच्या, मेघजीच्या. बॅटरी किती भरली ते बघून हा रेग्युलेटर वीज कमीजास्त करायचा. बघायला त्याला एक बारीक तार होती. हनीफ वायरमन तिला डोळा म्हणायचा.

"डोळा थेट बॅटरीवर बसवू," हनीफ म्हणाला होता.

"खाली इंजिनाच्या खोलीत? खाऱ्या ओलीने आठवड्यात हिरवा पडेल तुझा डोळा. वर केबिनमध्ये घे. मातेच्या दिव्याच्या तारेला जोड."

"मध्ये दिव्याचं बटण येतंय, वालजीभाई."

"दर्यात राखण करणाऱ्या सिकोतर मातेचा दिवा आम्ही कधी विझवतो का रे? बंदर सोडल्यापासून परत येईपर्यंत त्या बटणाला कोण हात लावतो?"

हनीफने खांदे उडवले. "तुमची माता, तुमची बोट," म्हणाला आणि दोन्ही बोटींवर तशीच तार ओढून दिली.

मोसम अर्धा सरला तरी बॅटऱ्या नव्यासारख्या राहिल्या. कालपर्यंत चेष्टा करणारे आता हळूच किंमत विचारायला लागले. वालजीची मान जरा जास्तच ताठ झाली होती, हे त्याच्या बायकोलाही दिसत होतं.

मग पौषातली ती संध्याकाळ आली. दोन्ही बोटी जोडीने निघाल्या होत्या. वालजीचं जाळं वाकट्यांनी इतकं जड झालं की ते ओढून घेता घेता दिवस मावळला. ओहोटी बोटींना पश्चिमेला खेचत होती, वर धुकं उतरलं होतं, आणि मासे बघून भान सुटलेल्या माणसांपैकी कोणीही जीपीएसकडे पाहिलं नव्हतं. मग वालजीने पाहिलं. सीमेची रेषा त्यांच्या मागे, पूर्वेला राहिली होती. ते पलीकडे होते.

त्याच वेळी धुक्यातून जड इंजिनाची घरघर ऐकू आली. मासेमारीच्या बोटीची नव्हे, गस्तीच्या लाँचची.

जाळ्याशी बसलेल्या जेरामकाकांनी मान वर केली. काकांनी कराचीच्या तुरुंगात तीन वर्षं काढली होती. सुटून घरी आले तेव्हा बायको जाऊन वर्ष झालं होतं, आणि ते त्यांना दारात शेजाऱ्याने सांगितलं होतं.

"वालजी," ते हळू आवाजात म्हणाले, "मी परत तिथे जाणार नाही. त्याआधी मी पाण्यात उडी टाकीन. तुला सांगून ठेवतो."

"कोणी कुठे जात नाही, काका. बसा तुम्ही." वालजीने वायरलेस उचलला. "मेघजी, सगळे दिवे बंद कर. ठिणगीसुद्धा दिसता कामा नये. यंत्रावर रेषा बघ आणि तिच्या अलीकडे ये. मीही निघतोय."

"मातेचासुद्धा?"

वालजीने मातेच्या तसबिरीकडे पाहिलं. केबिनला तिन्ही बाजूंनी काचा होत्या, आणि मातेचा लाल दिवा धुक्यातही दिसला असता.

"मातेचासुद्धा. मातेला मी समजावतो."

त्याने बटण दाबलं. केबिनमध्ये जीपीएसचा निळसर उजेड तेवढा उरला, तोही त्याने गोणपाटाने झाकून घेतला. जेरामकाकांनी कानांच्या पाळ्यांना हात लावला.

बोट पूर्वेला वळली. लाँचची घरघर कधी डावीकडून यायची, कधी मागून. धुक्यात आवाजाचा भरवसा नसतो. थोड्या वेळाने इंजिन सांभाळणारा सवजी खालून धडपडत वर आला. त्याच्याबरोबर सडक्या अंड्यासारखा वास आला.

"तांडेल, बॅटऱ्या उकळताहेत. विजेचा काटा लाल पट्टीच्या पार गेलाय. तुमचा तो लाडका रेग्युलेटर वेडा झाला."

"इंजिन हळू कर."

"हळू केलं तर ओहोटी मागे नेईल. मग बसा कराचीत बॅटऱ्या जपत."

एवढ्यात गोणपाटाखालचा उजेड थरथरला, एकदा शिटी वाजली आणि पडदा काळा झाला. जादा वीज सोसवेना म्हणून यंत्राने डोळे मिटले होते. आता पूर्व कुठे आणि पश्चिम कुठे, सांगायला कोणी नव्हतं. चांदणी दिसत नव्हती. होकायंत्र होतं, पण ते घरच्या शोकेसमध्ये, लग्नाच्या फोटोशेजारी. जीपीएस आल्यापासून सगळ्यांचीच होकायंत्रं शोकेसमध्ये गेली होती, आणि आज वालजीला त्या शोकेसचा भयंकर राग आला.

"दिवा विझवलास ना," जेरामकाका म्हणाले. "माता कोपली. लाव तो आधी."

"काका, आता माता मध्ये आणू नका. मला विचार करू द्या."

"विचार करूनच तर इथवर आणलंस."

वालजीचा हात बटणाकडे गेला आणि तिथेच थांबला. दिवा. बटण. बटणाच्या पुढे जोडलेला डोळा. दिवा विझवला तेव्हा त्याने रेग्युलेटरचा डोळाच फोडला होता. रेग्युलेटरला आता बॅटरी रिकामी दिसत होती, म्हणून बिचारा जिवाच्या आकांताने भरत सुटला होता. वेडा तो नव्हता.

त्याने चाचपडत मातेच्या तसबिरीखालचा बल्ब पिळून काढला आणि बटण चालू केलं. दिवा लागला नाही, पण तारेत वीज आली.

"काटा?" त्याने खाली विचारलं.

"उतरतोय," सवजी म्हणाला. मग जरा वेळाने, "जागेवर आला. काय केलंत?"

"नंतर सांगतो."

जीपीएस शिटी वाजवून जागा झाला. बोटीचं तोंड दक्षिणेला भरकटलं होतं. वालजीने सुकाणू फिरवलं आणि पडद्यावरच्या ठिपक्याला नजरेनेच ढकलत राहिला. अखेर ठिपका रेषा ओलांडून अलीकडे आला तेव्हा सवजी मटकन खाली बसला, आणि जेरामकाका तोंड फिरवून रडले.

वालजीने वायरलेस उचलला. "मेघजी, पोचलास?"

नुसती खरखर.

"मेघजी, बोल रे."

मेघजीनेही दिवा विझवला असणार. मोठ्या भावाने सांगितल्यावर तो कशाला थांबतोय? त्याच्या बोटीवरही डोळा तिथेच होता. मोठ्या हौसेने वालजीनेच बसवून घेतला होता. मेघजी आता त्या धुक्यात आंधळा फिरत होता, आणि बॅटरी का उकळते हे त्याला सांगायला वायरलेससुद्धा उरला नव्हता, जादा विजेने तोही बंद पडला असणार.

"दिवे लावले तर त्याला दिसतील," सवजी म्हणाला. "पण लाँचवाल्यांनाही दिसतील. रेषेला इतके चिकटून आहोत, ते काय रेषा मोजत बसणार?"

वालजीने जेरामकाकांकडे पाहिलं. तांडेलाने खलाशाला विचारायचं नसतं. पण त्या माणसाला न विचारता ते बटण दाबायची त्याची छाती होईना.

"काका?"

काका गुडघ्यावर हात टेकून उठले. "मेघजीची पोरगी दीड वर्षाची आहे," म्हणाले. "मी सुटून आलो तेव्हा माझ्या नातवाने मला ओळखलं नव्हतं." ते स्वतः बटणांच्या फळीशी गेले आणि त्यांनी डेकवरचे एकूण एक दिवे लावले.

सगळं धुकं पांढरंफटक झालं. बोट जत्रेतल्या पाळण्यासारखी उजळून उभी राहिली. लाँचची घरघर थांबली, मग पुन्हा सुरू झाली, आणि आता ती जवळ येत होती. कोणी हललं नाही. काकांनी डोलकाठी घट्ट धरली होती. त्यांचे ओठ पुटपुटत होते. वालजीचा हात गिअरवर होता, आणि तो स्वतःला पुन्हा पुन्हा बजावत होता, अजून थोडं, अजून थोडं.

मग त्या घरघरीच्या आधी दुसरा आवाज आला, भरभर ठोके पडणाऱ्या, ओळखीच्या इंजिनाचा. धुक्यातून मेघजीची बोट बाहेर पडली. ती आली थेट पश्चिमेकडून, खोल पलीकडून. पुढच्या टोकावर मेघजी उभा होता.

"मोठाभाई, काय झालं?" तो लांबूनच ओरडला. "सगळे दिवे पेटलेले दिसले, वाटलं तुला काहीतरी झालं, म्हणून मागे वळलो. यंत्र बंद पडलं तरी आम्ही घराच्या वाटेवरच होतो, रेषा कधीच ओलांडली होती."

वालजीने दोर उचलला आणि भावाकडे फेकला.

"आधी बांध," तो म्हणाला. "बांध, आणि चल माझ्या मागून."