बिनकाचेचा चष्मा

“आई, एकदा डोळे तपासून घ्या,” असे सून प्रणिता म्हणाली, तेव्हा विजयमालाबाई हसून म्हणाल्या, “अगं, पस्तीस वर्षं चष्मा लावतेय मी! आता काय तपासायचं?”

तो चष्मा म्हणजे मी. मित्रांनो, मी एक जुना, गोल चौकटीचा चष्मा आहे. सुनेला माहीत नव्हते ते तुम्हाला सांगतो. मला काचाच नव्हत्या.

काचा काढल्या विजयमालाबाईंच्या नाटक कंपनीतल्या रंगभूषाकार भागवतने. नगरच्या कापडबाजारातून त्याने मला आणले आणि दोन्ही काचा अंगठ्याने ढकलून पाडल्या. “काचंवर दिवा चमाकला की लोकास्नी डोळंच दिसत न्हाईत,” तो म्हणाला. विजयमालाबाई तेव्हा अठ्ठावीस वर्षांच्या होत्या. सासूचे काम करणारी बाई अचानक आजारी पडली म्हणून मला बाईंच्या नाकावर बसवले. तेव्हापासून नायिका त्या कधी झाल्याच नाहीत आणि त्याचे त्यांना वाईटही वाटले नाही. कर्जतला त्या सासू झाल्या, जामखेडला सरपंचाची आई. तिथे प्रयोगानंतर बायडाबाई नावाची एक म्हातारी थेट पडद्यामागे आली आणि बोट नाचवत म्हणाली, “सुनंला इतकं छळू नगं, भवाने! तुलाबी लेकी आसतील!” बाई तिच्या पाया पडल्या. एवढी मोठी दाद त्यांना पुढे सिनेमातही मिळाली नाही, असे त्या अजून सांगतात.

मग बाईंना कमी दिसू लागले. तेव्हा त्या मला घरातही लावू लागल्या, कारण नाकावर चष्मा असला की कुणी विचारत नाही. संवाद त्या सुनेकडून वाचून घेत, “मला ऐकूनच पाठ होतं गं” म्हणत. रंगमंचावर पलंगापासून दारापर्यंतची पावले मोजून ठेवत. दिसत नाही हे कळले तर काम जाईल, एवढीच त्यांना भीती होती. मला सारे ठाऊक होते, पण चष्म्याला तोंड कुठे असते?

सोनईला एका सिनेमाचे चित्रीकरण होते. आजीने सुई ओवायची, एवढाच प्रसंग. दोरा हुकला. पुन्हा हुकला. बोटे थरथरली, डोळ्यांत पाणी आले. दिग्दर्शक अवधूत ओरडला, “कट! आजी, काय अभिनय केलात! लई भारी!” सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मित्रांनो, इतक्या वर्षांत कौतुक मी पुष्कळ ऐकले, पण ते मला एवढे कधी टोचले नव्हते.

संवाद वाचून दाखवायला सोबत आलेल्या प्रणिताने टाळ्या वाजवल्या नाहीत. तिच्या कडेवरची दोन वर्षांची लेक ओवी आजीकडे झेपावली आणि तिचे बोट माझ्या चौकटीतून आरपार जाऊन आजीच्या पापणीला लागले.

“आई, याला काचाच नाहीत!”

“नाटकातला चष्मा तो. त्याला कशाला काचा?”

प्रणिताने हात वर केला. “किती बोटं आहेत?”

“दोन.”

“मूठ मिटलीय मी, आई.” तिने ओवीला छातीशी धरले. “परवा ओवीला तापाचं औषध तुम्हीच दिलंत. ते काय बघून दिलंत?”

“वासावरून,” बाई हळूच म्हणाल्या. आणि मग, “माझं काम जाईल गं.”

“काम नंतर बघू. आधी डॉक्टर.”

मोतीबिंदू निघाला. दोन्ही डोळ्यांचे ऑपरेशन झाले आणि जवळचे दिसावे म्हणून माझ्या जुन्या चौकटीत नव्या काचा बसल्या. तुम्हाला काय सांगू! बाईंनी सगळ्यात आधी औषधाची बाटली वाचली. मग ओवीच्या गालावरचा तीळ पाहिला आणि “हा कधी आला?” म्हणून रुसल्या.

काम गेले नाही. सुईचाच प्रसंग अवधूतला आता अगदी जवळून पुन्हा घ्यायचा होता. दोरा पहिल्याच झटक्यात आत! “आजी, मागच्यासारखा हुकवा ना!” तो काकुळतीने म्हणाला. नीट हुकवायला बाईंना पाच वेळा करावे लागले. “बाबा, त्या दिवशी मी काहीच केलं नव्हतं. आज अभिनय करतेय,” त्या म्हणाल्या. दिवेवाला कुरकुरला, “बाई, काच चमकतीय.” बाई म्हणाल्या, “चमकू दे की!”

मित्रांनो, तुमच्याही घरी चष्मा लावणारे कुणी असेल. त्यांना दिसते असे धरून चालू नका. आज घरी गेलात की त्यांच्यासमोर उभे राहा आणि विचारा, “आजी, किती बोटं आहेत?”

पण विचारताना मूठ मिटलेली ठेवा.