जराशी घूं राहू द्या

मी कंडेन्सर बोलतोय. म्हणजे बोलतंय ते माझं ॲल्युमिनियमचं डबडं. आतलं सगळं काढून टाकलंय. तेव्हा दुखलं नाही. दुखायला आत काहीतरी लागतं ना!

गुलमंडीजवळ सोनाजीचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. सोनाजी करमाडचा, घरच्यांनी मेंढरं राखली, हा रेडिओतल्या काचेच्या वाल्वच्या मागं लागला. त्याचा दोस्त बद्रीनाथ गंगापूरचा, ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायचा. त्याला गिटारसाठी सोनाजीच्या हातचा वाल्वचा ॲम्प्लिफायर हवा होता.

सोनाजीनं आम्हां कंडेन्सरांना टेबलावर मांडलं. बद्रीनाथनं सगळ्यांत जाडा उचलला. "हाच टाक. मोठा टाकला की ते घूं करणारं हमिंग जातं म्हणतोस ना?"

"जातं, पण लई मोठा टाकला तर चालू करताना इतकी वीज ओढंल की ती एका दिशेनं सोडणारा रेक्टिफायरचा वाल्वच जळून बसंल."

"मंग हा?"

"ह्याचे व्होल्ट कमी. वाल्व तापायच्या आधी व्होल्ट लई चढतेत. फटाक्यावानी फुटंल." मग त्यानं मला उचललं. मी मधला, साडेचारशे व्होल्टचा. "हा बरा. जराशी घूं राहील."

"राहू दे की. टाळ्यांत कुणाला ऐकू येतंय?"

झाली माझी नेमणूक! वीज हिसक्याहिसक्यानं यायची, ती मी पोटात घ्यायची आणि पुढं एकसारखी सोडायची. सगळे हिसके मला झेपायचे नाहीत. जे निसटायचे त्यांची घूं व्हायची.

बद्रीनाथ संध्याकाळी घरी आला की चप्पल काढायच्या आधी ॲम्प्लिफायरचं बटण दाबायचा. त्याची बायको वच्छलाबाई चुलीपाशी पाठमोरी असायची. तिथूनच वैतागायची, "आलं का तुमचं मोहोळ घरात!" तो हसायचा. मला मात्र तिचं बोलणं लागायचं. तेव्हा लागायचं काहीतरी.

एकदा वेरूळला कार्यक्रम करून आला, छातीत दुखतंय म्हणाला आणि गेला. वच्छलाबाई रडली नाही. बायका कुजबुजल्या, तिनं ऐकून सोडून दिलं. वेळच्या वेळी पाणी भरायची, स्वयंपाक करायची, ॲम्प्लिफायरवरची धूळ पुसायची. बटणाला हात लावायची नाही. वर्षानुवर्षं वीज मिळाली नाही की आमच्या जातीचा कंडेन्सर आतून सुकतो. मी सुकलो. आम्ही दोघं एका खोलीत होतो, एवढंच.

मग एके दिवशी तिनं सोनाजीला बोलावलं. तोही म्हातारा झाला होता. "भाऊजी, चालू करून द्या. पण यांचं काही फेकायचं नाय."

म्हणून सोनाजीनं मला फेकलं नाही. मला पोकळ केलं, पोटात नवा कंडेन्सर बसवला आणि बूड चिकटवून परत जागेवर ठेवलं. रेक्टिफायरचा जुना वाल्व बाजारात मिळंना, म्हणून त्याचं काम करणारे छोटे डायोड लावले. आता वाल्व बसायची भीती नव्हती, तेव्हा नवा कंडेन्सर माझ्या तिप्पट ताकदीचा निवडला. बटण दाबलं.

"बघा वयनी, हूं नाय का चूं नाय!" सोनाजी खूश.

वच्छलाबाई वाट बघत राहिली. "चालू झाला?"

"व्हय की. लाल दिवा बघा."

"मंग घूं कुठंय?"

"ती गेली. बिघाडच व्हता तो."

ती खाली बसली. "भाऊजी, माझी पाठ असायची दाराकडं. हे आल्याचं मला त्या आवाजावरनं कळायचं. लई बोलले हो मी त्याला." तिनं पदरानं ॲम्प्लिफायरवरची धूळ पुसली. "राहू द्या की जराशी."

सोनाजीनं मला पुन्हा उघडलं, तो चांगला कंडेन्सर काढला आणि पिशवीतला सगळ्यांत कमी ताकदीचा शोधला. व्होल्ट तेवढे साडेचारशेच पाहून घेतले. जन्मभर त्यानं असं वाईट काम कधी केलं नसेल. बटण दाबलं.

घूंऽऽ.

वच्छलाबाई उठली, दाराकडे पाठ केली आणि चहा ठेवला.

"गिटार कोण वाजवणार, वयनी?"

"कुणी नाय."

आता रोज संध्याकाळी ती बटण दाबते आणि पाठमोरी कामाला लागते. घूं माझी नाही, माझ्या पोटातल्या परक्याची आहे. मला काही वाटत नाही. तिला वाटतं की नाही, ते पाठीवरून कळत नाही.

एवढंच सांगतो. कधी त्या घरी गेलात आणि कोपऱ्यात काहीतरी उगाच घूं करताना दिसलं, तर दुरुस्त करून देतो म्हणू नका. आणि दारातून आत जाताना जरा सावकाश जा. पाऊल वाजलं की ती वळून बघते.