हुंकारा देणारी गाडी

शेंदूरजनाघाटात एका साली असं एक संत्र लागलं होतं, की त्याची फोड काढाले सुतार बोलवा लागला. सुतारानं करवत लावली आन रस असा उडाला, की समोरच्या घरची म्हैस तीन दिवस आंबट दूध देत होती. खोटं वाटत असंन तं सुंदराबाईले विचारा. तिनं आपल्या डोळ्यानं पाहिलं. एक फोड घरी बी नेली, बैलबंडीत टाकून.

पण विचाराचं असतं तं जानेवारीच्या आधी विचारा लागत होतं. आता ती सांगत नाई.

त्याचं असं हाय. गोठ, म्हणजे कहाणी, सांगाची तं हुंकारा लागते. सांगणाऱ्यानं एक वाक्य टाकाचं, ऐकणाऱ्यानं 'हूं' म्हणाचं, मंग पुढचं वाक्य. 'हूं' नाई आलं तं गोठ तिथंच थांबते. हा नेम कोनं केला माहीत नाई, पण मोडत कोणी नाई. सुंदराबाईचा हुंकारा म्हणजे तिचा नवरा, देवमन. पोस्टमन होता. दिवसभर सायकल हाणून यायचा, बाजीवर आडवा व्हायचा आन 'हूं' म्हणायचा. एकोणपन्नास वर्षं. झोपेतबी म्हणायचा.

जानेवारीत एका दुपारी जेवणं झाल्यावर ती त्याले कुत्र्याची गोठ सांगून राहिली होती. देवमनच्या सायकलीमागं एक कुत्रं इतकी वर्षं धावलं, की पोस्टखात्यानं त्याले पेन्शन लावली, ते गोठ. पेन्शनीच्या कागदावर कुत्र्याचा अंगठा घ्याची पाळी आली, आन हुंकारा आला नाई. तिले वाटलं डोळा लागला. नेम मोडून तिनं दोन वाक्यं तशीच सांगितली. मंग त्याच्या पायाले हात लावला.

ती रडली नाई. बुद्धवंदना झाली, पुण्यानुमोदन झालं, पाहुणे जेवून गेले, ती बसून राहिली. तव्यावर हात पडला तं लाल झालेला दिसला तेव्हा समजलं. तिखट लागे नाई, गोड लागे नाई. बाया म्हणाल्या, "मोकळी होय वो सुंदरा, रड." ती म्हणे, "बरं." आन भांडे घासाले बसे.

मार्चात पुण्याहून नात आली, पिंकी. सुंदराबाईच्या लेकाची, धर्मेंद्रची पोरगी. बापानं नवी गाडी घेतली होती, ते घेऊन एकटी सातशे किलोमीटर आली, आजीले घेऊन जाले. म्हणाची 'चार दिवसांसाठी', पण बॅगा तीन भरल्या आन घराची चाबी शेजारच्या मोतीरामजवळ दिली. चार दिवसांसाठी कोणी लोणच्याची बरणी वाटून देत नाई, हे सुंदराबाईले समजत होतं. तिनं एकच गोठ मागितली.

"रस्त्यात अकोल्याले थांबजो. मोठीबाईले भेटाचं हाय."

मोठीबाई म्हणजे तिची सख्खी बहीण, ललिता. तिच्याहून सहा वर्षांनी मोठी. दोन वर्षांपासून तिचं विसरणं सुरू झालं होतं. आधी चष्मा, मंग गॅस, मंग माणसं. सुनेनं, प्रणालीनं, फोनवर सांगितलं होतं, "मावशी, आता पोराले बी 'भाऊ, कोण गावचे' म्हणून विचारते." सुंदराबाई सगळ्यायची आजी होती, मावशी होती, काकू होती. तिले 'सुंदरी' म्हणणारं जगात एकच तोंड उरलं होतं, आन ते अकोल्यात होतं. पुण्याले जायच्या आधी एकदा त्या तोंडातून ते नाव ऐकाचं, बस. बाकी तिले काही नाई पाहिजे होतं.

सकाळी गाडी काढली तं मोतीराम दात घासता घासता भोवती फिरला. "पोरी, हे सुरू झाली का नाई? ना आवाज ना धूर."

"बॅटरीवर चालते आजोबा. संपत आली की आत एक छोटं पेट्रोलचं इंजिन आहे, ते बॅटरी भरतं."

"मंग चाकं कोण फिरवते? इंजिन?"

"नाही, चाकं बॅटरीच फिरवते. इंजिन फक्त तिला खाऊ घालतं."

"समजलं," मोतीराम चूळ थुंकून म्हणे. "सून राबते आन सासू ताट वाढते. सुंदरावहिनी, तुमाले जमन अशी गाडी."

दुसरा दिवस असता तं सुंदराबाईनं त्याले अशी सासू दाखवली असती, की त्यानं दाढ बी थुंकली असती. ती म्हणे, "येतो भाऊजी," आन समोरच्या सीटवर बसली.

वरूड गेलं, मोर्शी गेली. दोन्ही बाजूनं संत्र्याचे बगीचे, मंग कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्या. गाडीत आवाजच नव्हता. इतका नव्हता, की सुंदराबाईले आपल्या पोटातलं गुरगुरणं ऐकू आलं. पिंकीनं गाणे लावून पाहिले, बंद केले. कंपनीतल्या एका पोराबद्दल सांगितलं, जो रोज डब्यात पोहेच आणते. आजीनं 'हूं' बी म्हणलं नाई. पिंकी अर्ध्यात थांबली. तिले बी नेम माहीत होता.

रात्री अंगणातल्या प्लगवर गाडी लावली होती, पण मधात चार तास लाइन गेली होती. म्हणून अमरावतीत पोचेपर्यंत बॅटरी चांगलीच उतरली. चार्जिंगच्या जागी पाहिलं तं मशीनीवर एक कागद चिकटवला होता, 'बंद आहे', आन त्या कागदाले टेकून एक माणूस झोपला होता. "हरकत नाही," पिंकी म्हणे, "इंजिन आहे ना." दोघींनी गाडीतच गिला वडा खाल्ला. पिंकीच्या डोळ्यातून पाणी आलं, नाक लाल झालं.

"आजी, तुला तिखट नाही लागलं?"

"लागलं असंन."

बडनेरा मागं पडलं. ऊन कललं. मूर्तिजापूरच्या अलीकडं वजनकाट्यावर कापसाचा ट्रॅक्टर उभा होता, मागं एक कुत्रं बसून होतं, काहीच न करता. सुंदराबाई पाहून राहिली होती, डोकशात काहीच नव्हतं. आन तेव्हा कानाजवळून आवाज आला.

"हूंऽऽ."

खालच्या पट्टीतला, जेवून आडव्या झालेल्या माणसाचा. सुंदराबाईच्या तोंडानं तिले विचारलंच नाई. तोंड म्हणे,

"मंग साहेब म्हणे, अंगठा नाई चालत, सही पाहिजे. तं कुत्र्यानं खिशातून पेन काढला..."

पिंकीनं एकदम मान वळवली. "काय आजी?"

"तूच तं हूं म्हणली."

"मी नाही गं. इंजिन सुरू झालं. बॅटरी वीस टक्क्यांवर आली ना."

सुंदराबाईनं कान दिला. आवाज चालूच होता. हूंऽऽऽऽ. ना थांबणं, ना दम. ती थोडा वेळ ऐकत राहिली, आन मंग तोंड मिटून घेतलं.

"सांग ना पुढं," पिंकी म्हणे. "खिशातून पेन काढला, मग? कुत्र्याला खिसा कुठून आला?"

"याले कायचं सांगाचं? हे सारखंच हूं हूं करून राहिलं. माणूस मधात दम घेते, तेव्हा समजते का ऐकून राहिला म्हणून. हे तं साहेबासमोरच्या बाबूसारखं हाय."

पिंकी हसली. आजी हसली नाई. पण जानेवारीपासून ती एका दमात एवढं कोणाशी बोलली नव्हती, हे दोघीयलेबी समजलं. गाडी अकोल्यापर्यंत हूं हूं करत गेली.

अकोल्यातल्या कौलखेडात प्रणाली दारातच उभी होती. "या मावशी. आता झोपून उठल्या, चांगल्या वेळेवर आल्या."

मोठीबाई दिवाणावर बसली होती. केस बारीक कापले होते, पांढरं लुगडं, पाय खाली सोडलेले. चेहरा तोच होता. सुंदराबाई पुढं जाऊन उभी राहिली.

"आई, पाहा कोण आलं," प्रणाली म्हणे. "सुंदरामावशी. शेंदूरजन्याहून."

मोठीबाईनं वरून खालपर्यंत पाहिलं. मंग हात जोडले. "जयभीम. बसा बाई. शेंदूरजन्याच्या का तुमी? तिथं मायी बहीण असते."

'बसा.' 'तुमी.' सुंदराबाई बसली.

"मोठीबाई, मी वो," ती म्हणे. भुवईवरची खूण दाखवली. "हे पाह्य, तू ढकललं होतं मले, पाटाच्या कडेवरून. बाबानं तुले मारलं होतं."

"हो का?" मोठीबाई हळहळली. "लागलं असंन तुमाले."

सुंदराबाईनं मायचं नाव घेतलं. मोठीबाईनं मान हलवली. गावच्या विहिरीचं नाव घेतलं, मान हलवली. देवमन गेल्याचं सांगितलं. मोठीबाईनं ओठाले पदर लावला, "अरारा, कोण होते तुमचे?" म्हणाली. सुंदराबाई म्हणे, "मालक." मोठीबाई म्हणे, "अरारा." मंग दोघी बी पंख्याकडं पाहत राहिल्या. सातशेतले दोनशे किलोमीटर ज्याच्यासाठी आली, ते झालं होतं. चहा पिऊन निघाचं तेवढं उरलं होतं.

प्रणालीनं चहा आणला. मोठीबाईले पाहुण्याची रीत आठवत होती, तिनं विचारलं, "कशानं आल्या बाई? एस्टीनं?"

"गाडीनं," सुंदराबाई म्हणे. "नातीच्या."

"हूं," मोठीबाई म्हणे, आन बशीत चहा ओतला. मंग थांबली. वाट पाहून राहिली.

सुंदराबाईनं तिच्याकडं पाहिलं. मधात दम होता. पुरा एक दम, रिकामा, पुढच्या वाक्यापुरता.

"अशी गाडी हाय का आवाजच नाई," सुंदराबाई म्हणे. आवाज कागद वाचल्यासारखा निघाला. "मोर्शीत लोकायले वाटलं गाडी मेली. चौघं खांदा द्याले आले."

"हूं."

"अमरावतीत तिची ताकद संपली. पेट्रोल पाजलं, पेईना. मंग गिला वडा दिला."

"हूं?"

"अकरा प्लेटा खाल्ल्या. वरून चटणी मागितली. वडेवाला म्हणे, बाई, गाडीले तिखट चालते का? मी म्हणलं, वऱ्हाडातली हाय."

प्रणाली पदरानं तोंड दाबून उभी होती. पिंकी दारात, हातात गाडीची चाबी.

"हूं. मंग?"

"मंग काय. ठसका लागला तिले. ठसक्यासरशी अशी पळाली, अशी पळाली, का मूर्तिजापूर दिसलंच नाई, फक्त वास आला. अकोल्यात उतरलो तं घड्याळात सकाळचे सात. आमी निघालो साडेसातले. म्हणजे मी अजून शेंदूरजन्यातच होती, आरशासमोर, वेणी घालून राहिली होती."

मोठीबाई खदखदून हसली. दात नव्हते, हिरड्या दिसल्या. चहा लुगड्यावर सांडला. हसता हसता तिनं सुंदराबाईच्या मांडीवर चापट मारली, अशी जोरात, का बशी वाजली.

"लबाड!" ती म्हणे. "मायी सुंदरी अशीच सांगते. हुबेहूब. लय लबाड हाय मेली."

मोठीबाईनं दाराकडं पाहिलं. पिंकीच्या मागं, गेटाकडं, रस्त्याकडं. "सुंदरी नाई आली का वो तुमच्यासोबत?"

प्रणाली पुढं झाली. "आई, अहो ह्याच तर..."

सुंदराबाईनं तिचा हात धरला आन खाली दाबला. तिले ते नाव ऐकू आलं होतं. दोनदा. जसं पाहिजे तसं, त्याच तोंडातून, लाडानं, शिवीसकट. ते तिच्या अंगावरून पुढं गेलं आन दारात जाऊन उभं राहिलं. तिले वाटलं आता काहीतरी होईन, गळ्यात, छातीत. काही झालं नाई. मांडीवर जिथं चापट बसली, तिथं तेवढं चुणचुणत होतं.

"येऊन राहिली," ती म्हणे. "मांगच्या गाडीनं."

"मंग थांबा नं तुमी," मोठीबाई म्हणे. "एवढ्या दुरून आल्या, तिले भेटल्याबिगर कशा जाता? तुमचं तिचं लय जमन. दोघी बी लबाड." आन सुनेले हाक मारली, "प्रणाली, सुंदरीपुरतं जास्तीचं टाकजो वो. तिले ठेच्याबिगर जेवण नाई जात."

पिंकीनं चाबी या हातातून त्या हातात घेतली. "आजी, चार वाजतायत. इथून पाचशे आहे अजून. बाबा वाट बघतायत."

"तुया बापाले फोन लाव," सुंदराबाई म्हणे. "म्हणा, सुंदरी नाई पोचली अजून."

"आजी..."

"पोचली का येतो म्हणा. बॅगा उतरव. लाल तेवढी हळू, तिच्यात संत्रे हाय."

पिंकी बाहेर गेली. गाडीचं मागचं झाकण उघडलं, त्याचाबी आवाज आला नाई.

सुंदराबाईनं दिवाणावर पाय वर घेतले. सांडलेला चहा पदरानं पुसला. मोठीबाई सरकून बसली, तिले जागा केली, आन परक्या बाईले विचारावं तसं अदबीनं विचारलं, "बाई, तुमचं नाव नाई सांगितलं तुमी."

सुंदराबाईनं विचार केला.

"आरशासमोर हाय अजून," ती म्हणे. "आलं का सांगतो."

"हूं," मोठीबाई म्हणे.