बांधावर नेलेली अंडी

मी टिटवीचं पोरगं बोलतोय. ओरडत नाही, बोलतोय. ओरडलो की तुम्ही म्हणता, टिटवी ओरडली, आता कुणाच्या तरी घरात मरण येणार. मरण आमच्याच घरात आलं होतं. तेव्हा तुमच्यातलं कुणीच ओरडलं नाही.

साखरा गावाच्या शिवाराला लागून राखीव रान आहे. रानाच्या मधोमध तळं, तळ्याला दगडी बांध आणि बांधावर मोठी रंगीत पाटी. पाटीवर माझ्या आईचं चित्र आहे. पिवळे पाय, डोळ्यांपुढचं लाल कातडं, सगळं हुबेहूब. शेजारी बेडूक, मोर, रोही म्हणजे नीलगाय. खाली लिहिलंय, घरट्यांपासून लांब राहा. माझा भाऊ मेला तेव्हा लोक त्या पाटीलाच टेकून उभे होते.

आमचं घर म्हणजे तुमच्या नजरेला काहीच नाही. उन्हाळ्यात तळं आटलं की त्याच्या पोटात गाळ उरतो. त्या गाळात आईनं छातीनं एक खोलगट जागा केली आणि भोवती खडे मांडले. तिथं तिची चार अंडी होती. जवळच एक डबकं शिल्लक होतं. ऊन वाढलं की आई त्यात पोट भिजवून यायची आणि ओल्या पिसांनी अंड्यांवर बसायची. जागा तिनं त्या डबक्यासाठी निवडली होती. पावसाचं तिच्या मनातही नव्हतं.

पण माणसांना आमच्या घरात पाऊस दिसतो. टिटवीनं अंडी बांधावर घातली तर तळं भरणार, पोटात घातली तर कोरडं राहणार. दरवर्षी पेरणीच्या आधी ग्यानबा नावाचा म्हातारा येऊन अंडी बघून जायचा, आणि तो सांगेल त्यावर गाव पेरणीचं ठरवायचं.

माझा भाऊ थोरला. त्याचं अंडं आधीचं. कवचाच्या आतूनच आम्ही बोलायचो. तो टकटक करायचा, मी टकटक करायचो. बाहेर मात्र आधी मी पडलो, कारण मला मुळात धीर नाही. तो सावकाश, बेतानं कवच फोडत होता. माझी पिसं वाळत होती आणि त्याच्या चोचीचं टोक बाहेर दिसत होतं. मी त्याला म्हटलं, ये की लवकर. तो म्हणाला, आलोच.

तेवढ्यात ग्यानबा आला. संगं त्याची बायको सुमनबाई होती, डोक्यावर गवताचा भारा. आईनं इशारा दिला आणि मी गाळाला चिकटून पडलो. शेजारी पडलेलं ढेकूळ आणि मी, यात फरक कळणार नाही असा.

"पोटातच घातली की गं," ग्यानबा कपाळाला हात लावून म्हणाला.

"मंग तसंच सांगा गावाला."

"मागच्या साली तसंच सांगितलं. तर मीच अपशकुनी! दोन महिने पारावर कुणी जागा देईना." त्यानं खांद्यावरचा पंचा काढला. "वर नेऊन ठिवतो. तिला काय कळून राहिलं?"

"अवो, लेकुरवाळी हाय ती. काहून पाप घेऊन राहिले?"

"पाप कशाचं? अंडी तिचीच, तळं बी तेच. जराशी जागा बदलली."

जराशी! त्यानं तिन्ही अंडी पंचात घेतली. चोचीचं टोक त्याला दिसलं नाही. बघायला तो आलाच नव्हता, दाखवायला आला होता. बाप त्याच्या डोक्यावर झेपावत राहिला, आई पंख मोडल्यासारखी फरफटत राहिली. म्हाताऱ्यानं हातानं दोघांना हाकललं आणि अंडी बांधावरच्या तापल्या दगडांत मांडली. भोवती खडेसुद्धा रचले. मग तो गावाला बोलवायला गेला.

गाव आलं. मोबाईल घेऊन आलं. रत्नपाल नावाचा एक जण पुढं वाकून चित्रण करू लागला. "बघा मंडळी, टिटवीचा कौल! यंदा तळं फुल्ल!" कुणीतरी साखर वाटली. बाप वरून जीव तोडून ओरडत होता. एक बाई म्हणाली, "कशी खूश झालीय बघा."

आता आईचं सांगतो. तिच्यावर राग धरावा की नाही, मला अजून ठरवता येत नाही. तिला अंड्यांपेक्षा जागा पक्की ठाऊक. ती पोट भिजवून आली आणि त्या रिकाम्या खळग्यावर बसली. पिसं फुगवून, नेहमीसारखी. मी तिच्या पोटाखाली शिरलो. तिथं मी एकटा होतो. आणि बांधावरून भावाचा आवाज येत होता. आलोच, आलोच.

मी पळालो. बांधाच्या पायथ्याशी पोचलो, पण पहिलाच दगड माझ्या दुप्पट उंच. वर माणसांचे पाय दिसत होते. मागून आईचा इशारा आला आणि माझे पाय आपोआप दुमडले. मी तिथंच पडून राहिलो. तुमच्यावर माझा राग आहेच, पण ह्या पायांवरही आहे.

वर नासेर नावाचा ट्रॅक्टरवाला खाली बसला होता. त्याला दिसलं. "ग्यानबाकाका, ह्या अंड्याला भोक पडलंय. आत काहीतरी हलून राहिलं. पिल्लाला तकलीफ होत असंल, सावलीला घेऊ का?"

आणि ग्यानबा, ज्यानं सकाळी तीच अंडी पंचात बांधली होती, तो सगळ्यांसमोर गरजला, "हात लावू नको! शकुन हाय तो. शकुनाला हात लावत नसतेत."

नासेरनं हात मागं घेतला. एका हाताचं काम होतं. तो हात मागं गेला.

आवाज हळू होत गेला. मग तो आलोचही म्हणेना, नुसती टकटक. मग तीही नाही. लोक हसत घरी गेले आणि मुंग्या आल्या. उरलेली दोन अंडी दगडांसारखीच गरम होऊन गप्प झाली.

त्या साली पाऊस कसा झाला? सांगणार नाही. तुम्हाला तेवढंच हवं असतं. पाऊस लांबला की बेडकाला काठीला उलटा बांधून दारोदार फिरवता, त्याच्यावर पाणी ओतता, आणि त्यानंतर त्याचं काय झालं ते एकही घर विचारत नाही. पाऊस काय आमच्या पोटात असतो? आमच्या पोटात पोरं असतात.

यंदा मी मोठा झालो. जोडीदारणीबरोबर माझं घर मी तिथंच केलंय, तळ्याच्या पोटात, आई रिकामी बसली होती त्याच खळग्यात. ग्यानबा परवा आला. त्यानं अंडी बघितली, मागं-पुढं बघितलं आणि पंचा काढला. मी सूर मारला तो थेट त्याच्या टाळक्यावर. टोपी उडाली. तो वाकला, मी पुन्हा आलो. त्याच्या कानामागं रक्त निघालं. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

सुमनबाई लांबून ओरडली, "ऱ्हाऊ द्या हो! एक डाव झालं तेवढं बास."

"आन् गावाला काय सांगू?"

"सांगा, टिटवीचं घर हाय तिथं. पाऊस बघायला आभाळाकडं बघा म्हणा."

तो उभा राहिला. मग पंचा खांद्यावर टाकून, उघड्या डोक्यानं, बांध चढून गेला. टोपी इथंच पडली आहे. डबक्यातला बेडूक दुपारी तिच्या सावलीला बसतो. न्यायची असेल तर या, बेडकाला उठवा आणि घेऊन जा. पण अंड्यांजवळ येऊ नका. शकुन म्हणूनही नको आणि माया म्हणूनही नको.

आज सकाळी एका अंड्यातून टकटक आली. सावकाश, बेतानं. मग मी खाली वाकलो आणि अंड्याला म्हणालो, घाई करू नको. मी इथंच बसलोय.