फौजी खाटेवरचा पाहुणा

मित्रांनो, माझी घडी होते, म्हणूनच मला एवढी दुनिया बघायला मिळाली. सागवानी पाय आणि वर ताणलेला खाकी कॅनव्हास, अशी मी एक जुनी फौजी खाट आहे. दुसरं महायुद्ध संपून इराकमधल्या बसऱ्याची छावणी उठली, तेव्हा साताऱ्याकडचे शिपाई आबासाहेब मला खांद्यावर टाकून गावी घेऊन आले.

त्यांचा मुलगा जालिंदरही फौजेत गेला आणि लष्करी इस्पितळात जखमींची शुश्रूषा शिकला. एकाहत्तरच्या लढाईनंतर काही वर्षांनी फौज सोडून त्याने कतारमधल्या दोह्याच्या एका इस्पितळात नोकरी धरली. त्याच्याबरोबर बोटीने मीही आले. पुन्हा तोच आखाती वारा, खारट आणि धुळकट! मला वाटलं, मधली सगळी वर्षं मी झोपेतच काढली.

शुक्रवारच्या सुट्टीत जालिंदर औषधांची पिशवी घेऊन मजुरांच्या कॅम्पात जाई. ज्याला देखरेख हवी असेल त्याला घरी आणून माझ्यावर निजवी. पंजाबी, बंगाली, पठाण, सगळे माझ्यावर निजून गेले. आपापल्या गावची स्वप्नं ते माझ्या कॅनव्हासमध्ये मुरवून गेले.

"बट बाबा, वुई आर इंडियन्स!" परदेशी मजूर घरात पाहून त्याची छोटी मुलगी नीता एकदा म्हणाली.

"आहोतच. पासपोर्ट भारताचा आहे, तो तसाच राहणार," जालिंदर म्हणाला. "पण पाणी इथलं पितो ना आपण?"

ब्याऐंशीच्या उन्हाळ्यात त्याने हाफिजला आणलं. हा पाकिस्तानातल्या झेलम शहराचा, गिलावा करणारा कारागीर. विषमज्वराने पार खंगलेला. दुपारची वेळ होती. पडदे ओढलेले, एसी घुमत होता, खोलीत मधासारखा पिवळा उजेड साचला होता. जालिंदरची बायको मुक्ताबाई भाताची पेज घेऊन आली. तेवढ्यात हाफिज तापात बरळला, "छांब... पुल पर कोई है..."

मुक्ताबाई जागच्या जागी थबकली. तिचा धाकटा भाऊ पोपट एकाहत्तरला जम्मूकडच्या छांबच्या लढाईतच गेला होता.

हाफिजने डोळे उघडल्यावर तिने विचारलं, "फौज में था?"

"जी, बाजी," ताईला हाक मारावी तसं तो म्हणाला.

"उधरसे?"

त्याने मान खाली घातली. तिने वाटी स्टुलावर ठेवली आणि ती आत निघून गेली.

त्यानंतर पेज वेळच्या वेळी येत राहिली, पण तिच्याबरोबर एक शब्दही येईना. "त्याला दुसरीकडे हलवू का?" जालिंदरने हळूच विचारलं. ती पेजेचे तांदूळ निवडत राहिली.

अखेर एका दुपारी हाफिज भिंत धरून उठला. "बाजी, मैं चला जाता हूँ।" पण दाराशी पोचण्याआधीच त्याचे पाय लटपटले. मुक्ताबाई धावली. तिने त्याच्या दंडाला धरून त्याला पुन्हा माझ्यावर बसवलं.

"उतरू नकोस," ती मराठीतच ओरडली. "फौजेची खाट आहे ती. आजारी माणूस बरा झाल्याशिवाय तिच्यावरून उठत नाही. माझ्या सासऱ्यांचा नियम आहे!"

मग माझ्या पायथ्याशी बसून तिने विचारलं, "उधर थंड था क्या?"

"कोहरा था, बाजी। हाथ को हाथ नहीं दिखता था।"

"पोपटला थंडी सोसायची नाही," ती स्वतःशीच म्हणाली. हाफिजला शब्द कळले नाहीत, पण त्याच्या डोळ्यांतून ओघळलेलं पाणी माझ्या कॅनव्हासवर पडलं.

हाफिज बरा झाला. पुढे दर शुक्रवारी औषधांची पिशवी त्याच्याच खांद्यावर असे.

नीता मोठी झाली आणि लष्करी नर्सिंगसाठी पुण्याला निघाली. मला केवढा अभिमान वाटला! जाण्याआधी ती दुपारची माझ्यावर लवंडली. एरवी इंग्रजीत बोलणारी ती पोर म्हणाली, "आई, पोपटमामा दिसायचा कसा?" त्या घरात इतकी वर्षं ते नाव कुणी काढत नव्हतं. मुक्ताबाई संध्याकाळपर्यंत सांगत राहिली. मधेच हसली, मधेच रडली.

आता माझा कॅनव्हास विरलाय, पाय कुरकुरतात. मित्रांनो, तुमच्या घरात एखादी जास्तीची खाट असेल तर तिच्यावर जुन्या कपड्यांचा ढीग रचू नका. तिला अधूनमधून ऊन दाखवा, सांध्यांना थोडं तेल द्या. तिच्यावर कोण निजणार, ते मात्र आधी ठरवून ठेवू नका.