तेलखेड्याची भिंत आणि साडेपाचची गाडी

एरंडोलच्या पुढे, फाट्यावरून तासभर चाललं की तेलखेडे लागायचं. गावात कामं कमी आणि मतं फार. मतांना जागा हवी म्हणून रतिलाल वाण्याने दुकानाची बाजूची भिंत काळी रंगवून दिली. तो उदार होता असं नाही. लोक त्या भिंतीवर पान थुंकायचे. अक्षरांवर कोणी थुंकणार नाही, असा त्याचा कयास होता आणि तो बराचसा खरा ठरला.

भिंतीचे तीन भाग होते. वर विनोद, मध्ये रेडिओ, खाली गाऱ्हाणी. सकाळी तोताराम शिंपी खडू घेऊन तिन्ही ठिकाणी एकेक ओळ लिही. मग दिवसभर ज्याला जे सुचेल ते त्याने खाली बारीक अक्षरात लिहावं. नाव कोणी घालत नसे. कोणाचं अक्षर कसं, हे गावाला पाठ होतं. दुसऱ्याचं लिहिलेलं पुसायचं नाही हा कायदा. पुसायचा हक्क एकट्या तोतारामचा, शनिवारी, ओल्या फडक्याने.

सगळ्यात दाटी मधल्या भागात. जळगाव केंद्रावर दुपारी फर्माइशीची गाणी लागत, आणि ती सांगणाऱ्या बाईंवर अख्खं गाव लट्टू होतं. बाईंना कोणी पाहिलं नव्हतं, म्हणून त्यांच्या रूपाबद्दल एकमत होतं. एकदा बाई रजेवर गेल्या. भिंतीवर आलं, ‘गाव सुतकात.’ त्याखाली कोणीतरी विचारलं, ‘किती दिवसांचं?’ त्याखाली विनोदांच्या नादी लागलेल्या भटूचं तिरपं अक्षर : ‘सर्दी असेल तर तीन, लग्न असेल तर तेरा.’

फर्माइशीचं कार्ड लिहायची तेलखेड्याची एक रीत होती. गाणं एका ओळीत, बाकी सगळी नावं. घरातली, शेजारची, सासरी गेलेल्या पोरींची, गेल्या साली वारलेल्यांची, आणि उरलेल्या जागेत बैलांची. बाईंच्या तोंडून नाव निघालं की बैलसुद्धा नीट चालतो, असं भटू म्हणे. बैलांनी कधी नाकारलं नाही.

तोताराम मात्र थकला होता. रोज सकाळी गावाला हसवायचं म्हणजे रोज तेवढंच पाणी लागेल अशी विहिरीची हमी देण्यासारखं. दिवाळीनंतर खडू भटूच्या हाती द्यायचा आणि गप्प बसायचं, असं त्याने मनाशी ठरवलं होतं. तेवढ्यात अक्काचा गुडघा आडवा आला.

अक्का म्हणजे बेबाबाई, त्याची थोरली बहीण. नवरा गेल्यापासून भावाकडे राहायची. तोतारामची बायकोही नव्हती, तेव्हा घर अक्काच्याच जिवावर चाललं होतं. ती मेथी-वांगी घेऊन पहाटे कोणाच्या तरी बैलगाडीतून निघे, एरंडोलच्या बाजारात बसे, आणि संध्याकाळी एसटीने फाट्यावर उतरून रिकामी पाटी डोक्यावर घेऊन चालत येई. एक दिवस ती ओट्यावर बसली ती उठेना.

“तोताराम, मना गुडघा आते मनासंगे बोलस.”

“काय म्हणतो?”

“सुरत चाल म्हणस.”

सुरतेला तिचा मुलगा कापडाच्या मागावर कामाला होता. एक खोली, सून, तीन पोरं. अक्काला तिथे जायचं नव्हतं आणि तिने जावं असं तोतारामलाही वाटत नव्हतं. पण दिवाळीपर्यंत गावात गाडी आली नाही तर मी निघाले, हे तिने सांगून टाकलं. अक्का एकदा बोलली की ते दगडावर कोरल्यासारखं.

तोतारामने त्याच सकाळी भिंतीच्या खालच्या भागात लिहिलं : ‘संध्याकाळची गाडी गावात आणा.’ गाव पेटलं. चार दिवसांत डेपोला अर्ज गेला. सह्या गोळा करायचं काम भटूकडे, आणि भटूला एकच पद्धत ठाऊक. अर्ज अगदी फर्माइशीच्या कार्डासारखा झाला. घरातले, शेजारचे, सासरी गेलेल्या पोरी, वारलेले. आणि शेवटी राजा, सर्जा व समस्त मित्र परिवार.

डेपोतले साहेब चांगले निघाले. इतकं मोठं गाव या रस्त्यावर आहे हे आम्हाला माहीत नव्हतं, म्हणाले, आणि एरंडोलहून साडेपाचला सुटणारी एक गाडी दिवाळीपर्यंत सोडून बघतो म्हणाले.

पहिल्या दिवशी वाजंत्री होती. नारळ होता. सगळं गाव भिंतीपाशी हार घेऊन उभं. गाडी धुरळा उडवत आली, दार उघडलं, आणि आतून पाटी घेऊन एकटी अक्का उतरली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. अक्काने मागे वळून पाहिलं, आणखी कोणी उतरतंय का म्हणून. कोणी नव्हतं. सगळे तर स्वागताला आलेले.

दुसऱ्या दिवशी तेच. आठवड्यानेही तेच. भिंतीवर मात्र पाय ठेवायला जागा नाही. ‘गाडी रिकामी का येते? तेलखेड्याचे लोक आधीच पोचलेले असतात.’ ‘अक्काची खाजगी मोटार.’ रेडिओच्या भागातही गाडी घुसली : ‘बाई या गाडीने आल्या तर आम्ही फाट्यापर्यंत पुढे लोळत येऊ.’

मग एक दिवस कंडक्टर लीलाधर अर्जाची नक्कल घेऊन तोतारामच्या मशीनपाशी आला.

“नाना, साहेब विचारतात, हे दगडूआबा कधी प्रवास करणार?”

“केला त्यांनी. गेल्या पौषात.”

“आणि राजा, सर्जा?”

“त्यांची स्वतःची गाडी आहे.”

लीलाधर हसला, पण अर्ध्यावर थांबला. “नाना, हसून झालं. रोज एक बाई आणतोय मी. दिवाळीला गाडी बंद.”

दुसऱ्या सकाळी तोतारामने तिन्ही भागांत एकच ओळ लिहिली, विनोद न घालता. ‘कामाने, बिनकामाने एरंडोलला जा आणि साडेपाचच्या गाडीने परत या, नाहीतर गाडी जाईल.’

दुपारपर्यंत त्याखाली भिंत भरली. ‘एरंडोलला जाऊन काय करू?’ ‘परत ये.’ ‘मग जाऊ कशाला?’ ‘गाडीसाठी.’ ‘गाडी कशासाठी?’ ‘एरंडोलला जायला.’ शेवटची तिरपी ओळ वाचून तोतारामला स्वतःलाच हसू फुटलं. दुकानासमोर आणखी सात-आठ जण हसत उभे होते. हसून झाल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरलं ते त्याने पाहिलं. सगळ्यांना वाटत होतं, आजचं काम झालं.

त्याने फडकं ओलं केलं आणि शनिवार नसताना भिंत पुसली. मग पायी फाटा गाठला, एरंडोलला गेला आणि साडेपाचला अक्काशेजारी गाडीत बसला.

“तू काय घेवाले उनता?” अक्काने विचारलं.

“काही नाही.”

“मंग?”

“बसायला आलो.”

दुसऱ्या दिवशी भिंत कोरीच. तोताराम परत गाडीत. तिसऱ्या दिवशीही. चौथ्या दिवशी एरंडोलच्या स्टँडवर भटू उभा दिसला, चेहरा उपाशी माणसासारखा.

“नाना, भिंतवर काहीच नही. म्हणीसन उनू.”

“तिकीट काढ,” तोताराम म्हणाला. “मग सांगतो.”

भटूने तिकीट काढलं. फाटा ओलांडेपर्यंत तोतारामने त्याला दोन विनोद सांगितले, एक बरा आणि एक भरतीचा. रात्री ते गावभर झाले. पण भटूला सांगता येत नसे. शेवट आधी सांगून टाकायचा. लोक चिडले. मूळ ऐकायचं तर गाडीत जावं लागतं, असं ठरलं. दोन आले, मग पाच. फर्माइशीची कार्डं गाडीत लिहायला लागले, आणि बाईंवरून भांडणं झाली ती लीलाधरने सोडवली. गाडी भरली असं नाही. पण बंद करायला लाज वाटावी इतके लोक झाले.

दिवाळीनंतर साहेबांचा निरोप आला : तूर्त चालू ठेवतो, प्रवासी कमी झाले तर बघू. अक्काने सुरतेला कळवून टाकलं की गुडघा आता गप्प आहे.

तोतारामने खडू भटूला दिलाच नाही. द्यायला खडू राहिला कुठे? आता त्याला दुपारी मशीन झाकून फाट्यापर्यंत चालावं लागे, स्टँडवर तिष्ठावं लागे, आणि येताना सगळा रस्ता बोलावं लागे. त्याचे पाय दुखत, घसा बसे.

“उद्या नको येऊ,” अक्का एका संध्याकाळी म्हणाली. “कितला थकना तू.”

“मी नाही आलो तर भटू येणार नाही. भटू नाही आला तर बाकीचे येणार नाहीत.”

“आनि बाकीना नही उनात तं?”

तोताराम तिकिटाची घडी घालत बसला. पाटी मांडीवर घेऊन ती खिडकीला डोकं टेकून झोपली. गाडी फाट्याला वळली. मागच्या बाकांवर लोक सरसावून बसले होते.

“नाना,” कोणीतरी म्हणालं, “चाला, सुरू करा.”

तोतारामजवळ त्या दिवशी सांगायला काहीही नव्हतं. त्याने घसा खाकरला.